चांदीच्या नाण्यांचे 'लिमिटेड एडिशन' संच: विकायला गेल्यावर हातात किती येतं?

पारिजात | रविवार, दुपारी 3.20

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

बाबांना जाऊन या महिन्यात वर्ष होईल. परवा त्यांचं कपाट आवरताना तळाच्या खणात दोन डबे सापडले.

पहिल्यात अष्टविनायकाचा संच. निळी मखमल, आठ खळगे, आठ नाणी. मोरगावपासून रांजणगावपर्यंत सगळे गणपती हजर. प्रत्येकी 20 ग्रॅम, 999 चांदी, म्हणजे 99.9 टक्के शुद्ध. सोबत जाड कागदावर प्रमाणपत्र: 'मर्यादित आवृत्ती, 5000 पैकी क्र. 3112'. पावतीही आहे, 2012 ची, 16,800 रुपयांची. एका मोठ्या पेढीची आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही.

दुसऱ्यात सरकारी टांकसाळीची स्मारक नाण्यांची चार पाकिटं. लोकमान्य टिळक (2007, शंभर रुपयांचं), रिझर्व्ह बँकेची 75 वर्षं (2010, पंचाहत्तर रुपयांचं), तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची हजार वर्षं (2010, चक्क एक हजार रुपयांचं) आणि रवींद्रनाथ टागोर (2011, दीडशेचं). यांच्या पावत्या नाहीत.

विकायची घाई नाही. पण धाकटा भाऊ म्हणतोय की आपणही मुलीच्या नावाने असेच संच घेत राहू. "ताई, मर्यादित आहेत म्हणजे भाव वाढणारच ना!" मला त्या 'च'बद्दल शंका आहे. कुणी खरोखर विकून पाहिलंय का? जाहिरातीतलं नको, हातात पडलेलं सांगा.

खवट_पेठकर | रविवार, दुपारी 3.41

2012 ला चांदी किलोला साठ हजारांच्या आतबाहेर होती. 160 ग्रॅमचे झाले 9,600. उरलेल्या 7,200 रुपयांत वडिलांनी मखमल घेतली. हलके घ्या.

नाणेघाट | रविवार, रात्री 10.15

खवटराव चिमटा काढतात, पण हिशेब बरोबर आहे. तोच पुढे नेतो.

आज सोयीसाठी किलोला दीड लाख धरू. तुमच्या आठ गणपतींची चांदी झाली 24,000 ची. बघणाऱ्याला वाटेल 16,800 चे 24,000 झाले, मजा आहे. पण तेरा वर्षांत एवढंच म्हणजे वर्षाला तीन टक्केसुद्धा पडत नाहीत. त्याच 16,800 मध्ये बाबांनी सराफाकडून नुसती चांदीची वीट घेतली असती तर 280 ग्रॅम आली असती, करबीर सोडून. तिचे आज 42,000. म्हणजे वाढली ती चांदी. संचाने उलट मागे ओढलं.

आता तुमच्या दोन डब्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो आधी समजून घ्या. अष्टविनायकाचं ते 'नाणं' नाहीच. त्यावर दर्शनी किंमत नाही, मागे सरकार नाही. तो चांदीचा ठसा आहे, सुंदर असेल, पण ठसा. पेढीने 5000 काढले म्हणजे नक्की काय? आठांचे 5000 संच की गणपतीगणिक 5000? पुढच्या वर्षी थोडी चौकट बदलून पुन्हा काढले नाहीत कशावरून? मर्यादा घालणाराही तोच आणि मोजणाराही तोच.

टांकसाळीची मात्र कायद्याने नाणी आहेत. 35 ग्रॅम वजन, 44 मि.मी. व्यास. टिळक, टागोर आणि रिझर्व्ह बँक यांच्यात चांदी निम्मीच: 50 टक्के चांदी, 40 तांबं, 5 निकेल, 5 जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम. आजच्या धरलेल्या भावाने 2,625 रुपये. बृहदीश्वर वेगळं आहे, त्यात 80 टक्के चांदी आणि 20 तांबं. 28 ग्रॅम झाली, म्हणजे 4,200.

हे सांगतोय कारण बहुतेक लोक पाकिटावर 'सिल्व्हर' वाचून पूर्ण 35 ग्रॅम चांदी धरतात आणि सराफाकडून भांडून परत येतात.

नव्या संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं आठवतंय? मे 2023. टांकसाळीची किंमत साडेतीन हजारांच्या पुढे-मागे होती. तेव्हाच्या भावाने आतली चांदी जेमतेम साडेबाराशेची. म्हणजे घरी आणल्या क्षणी दोन तृतीयांश किंमत ही त्या घटनेची, घडणीची आणि डबीची. ती परत मिळायची तर तुमच्यासारखाच दुसरा कुणीतरी हवा, ज्याला तेच नाणं हवंय आणि टांकसाळीकडून ते मिळालेलं नाही. पण आपल्याकडे बुकिंगची मुदत असते, त्या मुदतीत ज्याला हवं त्याने मागवलेलं असतं. मग नंतर हात चोळत बसणारा उरतो कोण?

आग्यावेताळ | रविवार, रात्री 10.32

बाजारात फार अडलं तर शंभराची नोट समजून टिळक रिक्षावाल्याला द्यायचे. चलनच आहे ना ते?

नाणेघाट | रविवार, रात्री 10.40

आहेच. आणि म्हणूनच एक गोची आहे. 2011 च्या नाणे कायद्यात 'नाणं' या व्याख्येत स्मारक नाणंही येतं, आणि नाणं वितळवायला बंदी आहे. म्हणजे ज्या चांदीच्या भरवशावर आपण 'निदान धातूची किंमत तरी येईल' म्हणतो, ती चांदी कागदोपत्री काढताच येत नाही. सचोटीचा सराफ या कारणानेही हात आखडता घेतो.

हुपरीकर | रविवार, रात्री 11.55

आमच्या घरात तीन पिढ्या चांदीत गेल्या, म्हणून दोन शब्द.

कायदा बाजूला ठेवला तरी 50 टक्क्यांचा माल सराफाला नको असतो. 999 ची वीट आली की टंच, म्हणजे शुद्धता बघायची, वजन करायचं, पैसे मोजायचे. विषय संपला. पन्नास टंचाचा माल म्हणजे भट्टी आली, तेजाब आलं, घट आली, वर निकेलची कटकट. एवढं सगळं एका नाण्यासाठी कोण करतो? मग तो भावच असा पाडून सांगतो की तुम्ही आपणहून उठून जावं.

पारिजातताई, अष्टविनायकाचं उलट आहे. 999 असेल तर ते कुठल्याही गावात, कुठल्याही पेठेत अर्ध्या तासात विकलं जाईल. फक्त चांदी म्हणून. 'क्र. 3112' सांगायच्या भानगडीत पडू नका, समोरचा ऐकून घेईल आणि काट्याकडे बघेल.

एडिसनची_काकू | सोमवार, पहाटे 5.10

इकडे अमेरिकेत संध्याकाळ आहे, म्हणून ही वेळ.

मला एकदा लॉटरी लागली होती, ती सांगते. अमेरिकेच्या टांकसाळीचं 'सिल्व्हर ईगल' हे एक औंसाचं (साधारण 31 ग्रॅम) नाणं 1986 पासून निघतं. 2011 ला त्याला 25 वर्षं झाली म्हणून पाच नाण्यांचा संच काढला. एक लाख संच, घरटी पाच, किंमत 299 डॉलर 95 सेंट. तारीख 27 ऑक्टोबर. ऑफिसात मीटिंगमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडत होते. चार-पाच तासांत सगळे संपले. मला दोन मिळाले. नवरा म्हणाला, पाच औंस चांदीला तीनशे डॉलर? वेड लागलंय. चांदी तेव्हा औंसाला 35 डॉलरच्या आसपासच होती, म्हणजे त्याचं चूक नव्हतं.

महिन्याभरात एक संच 620 डॉलरला विकला. दुसरा अजून आहे, टांकसाळीचं खोकंसुद्धा फोडलेलं नाही.

आता यातली मेख. पाचही नाणी वर चढली नाहीत. त्यातलं साधं बुलियन नाणं (लोक निव्वळ धातूसाठी घेतात ते) आणि नेहमीचं प्रूफ (जमवणाऱ्यांसाठी आरशासारखं चकचकीत घडवलेलं) बाहेर कुठेही मिळत होतं. दोन मात्र फक्त याच संचात होती: सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या 'एस' शिक्क्याचं आणि रिव्हर्स प्रूफ, म्हणजे चित्र चकचकीत आणि पाठ दुधाळ. संचाची किंमत या दोघांनी खांद्यावर घेतली आहे. बाकीचे तिघे वऱ्हाडी. आणि मागणी का? कारण 1986 पासून दर वर्षीचं ईगल जमवणारे लाखो लोक इथे आहेत. त्यांच्या फोल्डरमध्ये या दोन नाण्यांचे खळगे रिकामे राहणार होते.

त्याहून भारी गोष्ट 1995 ची. दहा वर्षांच्या निमित्ताने सोन्याची चार प्रूफ ईगल 999 डॉलरला काढली आणि सोबत वेस्ट पॉइंट टांकसाळीचं 'डब्ल्यू' शिक्क्याचं चांदीचं एक जवळजवळ फुकट दिलं. ज्यांना फक्त चांदीचं हवं होतं ते ओरडत बसले, कारण सोनं घेतल्याशिवाय ते मिळत नव्हतं. त्यामुळे निघाली फक्त 30,125. आज ते एकटं हजारो डॉलरला जातं. सोन्याने सोन्याचा भाव धरला, चांदी कुठच्या कुठे गेली!

तर मी त्या 620 नंतर शहाणी झाले असं समजून पुढच्या दोन वर्षांत पाच-पाच औंसांची जाडजूड 'मर्यादित' नाणी चढ्या भावाने घेत सुटले. मग चांदी पडली. 2015 च्या शेवटी औंसाला 14 डॉलरच्या खाली. विकायला गेले तेव्हा दुकानदाराने खोकी बाजूला सरकवली आणि नाणी थेट काट्यावर. वर ऑनलाइन विकावं तर संकेतस्थळाचं कमिशनच तेरा टक्क्यांच्या आसपास. पहिल्या संचावर कमावलेले सगळे तिथे गेले. हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो मराठी वाचायचा कंटाळा करतो म्हणून बिनधास्त लिहितेय.

खवट_पेठकर | सोमवार, सकाळी 7.02

काकू, दंडवत. शेवटच्या वाक्यासाठी.

थेम्सकाठचा | सोमवार, दुपारी 1.30

इंग्लंडातला अनुभव थोडा वेगळा. 2016 ते 2021 या काळात रॉयल मिंटने, म्हणजे इथल्या टांकसाळीने, 'क्वीन्स बीस्ट्स' नावाने दोन औंसी चांदीची दहा नाणी काढली. सिंह, ग्रिफिन, ड्रॅगन वगैरे, शेवटी सगळे एकत्र असलेलं अकरावं. मी तिसऱ्यापासून जमवायला लागलो. मग काय, पहिला सिंह नाही म्हणून जीव वर-खाली. मालिका सुरू होते तेव्हा ती चालेल की नाही कुणाला ठाऊक नसतं, त्यामुळे पहिलं नाणं जपून ठेवणारे कमी. नंतर येणारे सगळे त्याच्याच मागे. मीही तो सिंह दुसऱ्या एका जमवणाऱ्याकडून चढ्या भावानेच घेतला.

विकताना अख्खा संच दुकानात नेला. मला वाटलं पूर्ण आहे म्हणून काही जास्त देतील. त्याने वजनावर भाव सांगितला, वर थोडेसे. घरी येऊन सिंह एकटा विकला तर त्यानेच सगळ्यांत चांगले पैसे दिले, बाकीचे हळूहळू गेले.

शिवाय इथे नवी चांदी घेताना 20 टक्के व्हॅट. तो गेलाच. एक सोय आहे, ब्रिटिश चलनी नाण्यांवरच्या नफ्याला इथे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. अर्थात आधी नफा पाहिजे!

नाणेघाट | सोमवार, दुपारी 2.05

भारतातलंही सांगून टाकतो. घेताना 3 टक्के जीएसटी, तो परत येत नाही. 24 महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, इंडेक्सेशन (महागाईची वजावट) नाही. 23 जुलै 2024 पासूनचा नियम. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याप्रमाणे कर.

आणि 'मर्यादित' शब्दाबद्दल एक. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ टांकसाळीच्या चिनी वर्षांच्या प्राण्यांच्या मालिकेत एक औंसी चांदीच्या नाण्याला तीन लाखांची मर्यादा असते. बरोबर. पण त्याच वर्षी तोच ड्रॅगन अर्धा औंस, दोन औंस, दहा औंस, किलो, रंगीत, सोनेरी मुलामा असा सगळीकडे असतो. मर्यादा त्या एका मापाला. प्राणी अमर्याद.

दिवेआगर | सोमवार, दुपारी 4.48

माझे सासरे 1970 च्या दशकात अमेरिकेत होते. त्यांनी फ्रँकलिन मिंट या खासगी कंपनीची स्टर्लिंग (92.5 टक्के) चांदीची पदकं वर्गणी भरून जमवली. तिथे मर्यादा म्हणजे अमुक तारखेपर्यंत जितक्यांनी पैसे भरले तितकी. लाकडी पेट्या, प्रमाणपत्रं, सगळा थाट. 1978 मध्ये सीबीएस वाहिनीच्या '60 मिनिट्स'ने त्यावर कार्यक्रम केला, की विकायला गेलेल्यांना जेमतेम धातूचा भाव मिळतोय. सासरे तो बघून दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मग जानेवारी 1980 ला चांदी 50 डॉलरला भिडली तेव्हा लोकांनी ढिगाने पदकं वितळवायला दिली.

मजा म्हणजे एवढी वितळल्यावर उरलेली खरोखर दुर्मीळ झाली असतील, तरी त्यांना आजही साधारण धातूचाच भाव. सासऱ्यांची पेटी आमच्याकडे आहे. दार उघडं राहायला टेकण म्हणून उत्तम.

आग्यावेताळ | सोमवार, संध्याकाळी 6.20

ताई, एक सावधगिरी. जुनी नाणी विकतो अशी जाहिरात टाकलीत तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून फोन येतील. 'नाणं मंजूर झालंय, आधी कमिशन भरा.' आमच्या मामांनी भरले. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की आम्ही असल्या कशात नाही. मामांनी ते पैसे भरल्यानंतर वाचलं.

नाणेघाट | सोमवार, संध्याकाळी 7.10

पारिजात, महत्त्वाचं विचारायचं राहिलं. टांकसाळीची पाकिटं सीलबंद आहेत का? आणि प्रूफ आहेत की साधी? आरशासारखी चकचकीत पाठ आणि त्यावर दुधाळ चित्र असेल तर प्रूफ. बाजू बोटाने धरायच्या, पुसायचं अजिबात नाही, फुंकरसुद्धा मारायची नाही.

पारिजात | सोमवार, रात्री 9.30

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं.

नाणेघाट, तुमचा प्रतिसाद वाचून पोटात गोळा आला. बृहदीश्वर, टागोर, रिझर्व्ह बँक बंद आहेत. टिळक उघडलेले आहेत. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ते तर दर लक्ष्मीपूजनाला चौरंगावर असतात. चांदीचं नाणं म्हणून बाबांनीच काढून दिलं होतं." मी हळूच विचारलं, मग स्वच्छ कशाने करतेस? "रांगोळीने. अगदीच काळं पडलं तर दाताच्या पावडरीने."

भिंगातून बघितलं. टिळकांच्या पगडीच्या घडीत कुंकू आहे.

नाणेघाट | सोमवार, रात्री 9.34

अरे देवा.

हुपरीकर | सोमवार, रात्री 9.50

रांगोळीने चांदी उत्तम निघते, आमची आजीही तशीच काढायची. फक्त ताटवाटी असावी, प्रूफ नको.

पारिजात | पुढचा रविवार, रात्री 8.45

अपडेट देते, नाहीतर म्हणाल धागा काढून पळाली.

मंगळवारी आधी अष्टविनायक घेऊन त्याच पेढीत गेले. पावती, प्रमाणपत्र सगळं. काउंटरवरच्या मुलाने प्रमाणपत्र कौतुकाने वाचलं आणि म्हणाला, "बदल्यात दागिना घ्या मॅडम, रोख देत नाही." मग रविवार पेठेत बाबांच्या ओळखीच्या सराफकाकांकडे. त्यांनी आठही गणपती एकदम काट्यावर ठेवले. 159.8 ग्रॅम. टंच बघितला, दिवसाच्या भावातून चार टक्के कापून आकडा सांगितला. डबा आणि प्रमाणपत्र माझ्याकडे परत सरकवलं. "हे तुमच्याकडेच राहू द्या, मुलांना खेळायला होईल." विकले नाहीत. आकडा वहीत लिहून आणला.

काल नाण्यांच्या प्रदर्शनाला गेले. तीन टेबलांवर दाखवलं. बृहदीश्वरला पहिल्याने साडेपाच हजार सांगितले, तिसऱ्याने साडेसहा. पाकीट बंद असल्याची त्याने तीनदा खात्री केली, उजेडात तिरकं धरून कडा तपासल्या. 4,200 ची चांदी धरली तर हे एक पाकीट खरंच धातूच्या वर गेलं. कारण विचारलं तर म्हणाला, "हजार रुपयांचं नाणं म्हणून दाखवायला लोकांना आवडतं. जमवत नाहीत तेसुद्धा घेतात." तंजावरच्या देवळाचा उल्लेखसुद्धा नाही!

टागोरांना आणि रिझर्व्ह बँकेला धातूपेक्षा किंचित वर. टागोरांची तर त्याच्या ट्रेमध्ये आधीच सहा पाकिटं होती, मला दाखवली.

टिळक त्याने हातात घेतले, डोळ्याला भिंग लावलं, नाणं दिव्याखाली गोल फिरवलं. बारीक बारीक गोल ओरखडे, जात्यावर असतात तसे. वर न बघताच त्याने विचारलं, "घरी पूजेत होतं का?" आणि 2,400 म्हणाला. दर दिवाळीत अशी दहा-बारा तरी येतात म्हणे.

भावाला हा सगळा हिशेब पाठवला. मुलीसाठी त्याने आता शंभर ग्रॅमची साधी वीट घ्यायचं ठरवलंय. बृहदीश्वर विकलं नाही, साडेसहा हा आकडा ऐकून उगाच लोभ सुटला आहे, हे कबूल करते.

खवट_पेठकर | रविवार, रात्री 8.58

आणि टिळकांचं काय केलंत?

पारिजात | रविवार, रात्री 9.06

आईला सांगितलं की याचे आता जमवणारे पैसे देत नाहीत. ती म्हणाली, "मग आण इकडे." डबीतून काढून देव्हाऱ्यात ठेवलं, अन्नपूर्णेच्या शेजारी. पगडीतलं कुंकू तसंच आहे.

आग्यावेताळ | रविवार, रात्री 9.11

पुढच्या दिवाळीला दातांची पावडर लपवून ठेवा म्हणजे झालं.